ठाण्यात ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला? एका फॉरवर्डला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती धर्म इकडे इंग्रजांनी आणला, कंपनी सरकारने मिशनऱ्यांना पोसलं, त्यांनी तांदळाच्या गोणी देऊन गरिबांचा धर्म विकत घेतला, मराठीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, आणि आता यांची संख्या झपाट्याने वाढतेय. पिढ्यानपिढ्या इथे राहिलेली ख्रिस्ती कुटुंबं हे त्याच ग्रुपवर वाचतात आणि गप्प बसतात. त्यांनी का म्हणून गप्प बसावं? यातला एकेक मुद्दा तपासू.

आधी इंग्रजांचं. ठाणं इंग्रजांच्या ताब्यात गेलं डिसेंबर १७७४ मध्ये. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, १३२१ साली, हॉर्मुझहून निघालेल्या जहाजातून चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक पंथातले) साधू ठाण्याला उतरले. ते उतरले कुणाकडे? इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबात. त्या काळी ठाण्यात नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, अशी नोंद थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने केली आहे. म्हणजे युरोपातले प्रचारक यायच्या आधीच हा धर्म ठाण्यात नांदत होता. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, बायको मार खाऊन काझीकडे गेली आणि पाहुण्यांना साक्षीदार म्हणून सांगून बसली. साक्षीवरून गोष्ट धर्माच्या वादावर गेली आणि चौघांचा जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा बाहेरगावी होता. परत आल्यावर त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. ठाण्याच्या शाळांमध्ये ही हकिकत शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

१५३४ नंतर पोर्तुगीज आले. त्यांच्या अमलात देवळं पाडली गेली, सक्ती झाली. ते झाकायचं कारण नाही आणि त्याचा राग येणं रास्तच आहे. पण १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. सक्ती करणारी सत्ता गेली, १७६० मध्ये कौपिनेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, आणि तरीही त्या ३७ वर्षांच्या मराठी अमलात इथल्या कितीतरी कुटुंबांनी आपली श्रद्धा सोडली नाही. सेंट जॉन चर्च मासुंदा तलावाकाठी आजही आहे. ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या घरातलं लग्न कधी जवळून पाहा. आदल्या दिवशी लुगडी नेसलेल्या बायका बँडच्या तालावर विहिरीवर जातात, वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात आणि गाणी म्हणतात ती मराठीत. या माणसांना परके म्हणताना जीभ कशी रेटते?

आता ‘कंपनीने पोसलं’ हा मुद्दा, जो सगळ्यात जास्त खोटा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते कंपनीची नजर चुकवून. कलकत्त्याच्या सरकारने त्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम दिला होता. प्रजेच्या धर्मात हात घातला तर व्यापार बुडेल, ही कंपनीची भीती. त्यात अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध चालू. गव्हर्नर नेपियन, ज्याच्या नावाचा नेपियन सी रोड आपण रोज घेतो, त्याने रदबदली केली म्हणून ते टिकले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने केलेल्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. पुढे १८४३ मध्ये ख्रिस्ती व्हायला मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाचा खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा इंग्रज न्यायाधीशाने मुलगा पाद्र्याकडून काढून बापाच्या हवाली केला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि त्रास त्यांना झाला तो स्वकीयांकडूनच.

तांदळाच्या गोणीबद्दल. दुष्काळात मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्यानंतर बाप्तिस्मे वाढले, हे खरं आहे. भुकेल्या माणसाची निवड किती मोकळी असते हा प्रश्न विचारायलाच हवा. पण सगळ्यांना त्याच मापाने मोजता येत नाही. १८५० चा कायदा होईपर्यंत धर्म बदलणारा वडिलोपार्जित इस्टेटीला मुकायचा. १८९५ मध्ये कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशी वर्षानुवर्षं ताटातूट झाली. आजही १९५० च्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. गोणीच्या हिशोबात हे कुठे बसवणार?

मराठीचं उत्तर थोडक्यात देतो. अमेरिकन मिशनचं मराठी नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचं. याच मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी आपला उभा केला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढलं. नगरला मिशनरी फरारबाईंची मुलींची शाळा पाहून आलेल्या जोतिबांनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली.

आणि संख्या? १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १.४२ टक्के होते, २०११ मध्ये ०.९६. प्रमाण घटलंय.

फसवून किंवा धाक दाखवून कुणाचं धर्मांतर झाल्याचं तुम्हाला माहीत असेल, तर नावगाव, तारीख, पुरावा घेऊन पोलिसांकडे जा. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलंय. तसं काही हाताशी नसेल, तर तो मजकूर ज्या ग्रुपवर टाकलात तिथून काढून टाका, आणि त्याच ग्रुपवरच्या ख्रिस्ती शेजाऱ्याची माफी मागा.