सोड्याच्या पाण्याने कोक बळकट होत नाही

गेल्या रविवारी माझ्या भाच्याचा फोन आला. तळोजा औद्योगिक वसाहतीत त्याची बिडाची लहान ओतशाळा आहे. "मामा, धुण्याचा सोडा पोत्याच्या भावात कुठे मिळेल?" असे त्याने विचारले आणि मी कारण विचारताच व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पुढे पाठवला. हाच संदेश त्याआधी ऐरोली आणि रबाळ्याच्या दोघा परिचितांकडूनही माझ्याकडे आला होता. कोक म्हणजे हवा न लागू देता कोळसा तापवून बनवलेले, धातूच्या भट्ट्यांत वापरले जाणारे इंधन. तो बनवणाऱ्या कोक भट्ट्यांच्या कामात उमेदीची वर्षे घालवूनही मी तेव्हा गप्प राहिलो, ते योग्य झाले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. हलक्या प्रतीच्या तयार कोकवर सोडा, मीठ आणि चुना यांचे पाणी शिंपडून तो रात्रभर वाळवला की आयात कोळशाच्या कोकइतका कणखर होतो. कोळशात प्लॅस्टिकचा कचरा वाटेल तितका मिसळता येतो, कारण जपानमध्ये तसे करतात. आणि या युक्त्यांमुळे ऑस्ट्रेलियाच्या कोळशाची गरजच उरत नाही. कोक बळकट झाला की नाही, हे छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहावे, असेही शेवटी सांगितले आहे.

पहिला मुद्दा नुसता चुकीचा नाही, तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. कोकची भट्टीतली खरी परीक्षा काय असते, हे जपानच्या निप्पॉन स्टीलमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीवरून कळते. सुमारे २० मिलिमीटर आकाराचा २०० ग्रॅम कोक ११०० अंश सेल्सिअसला दोन तास कार्बन डायऑक्साइडच्या झोतात ठेवतात, मग उरलेला कोक नळकांड्यात घालून ६०० फेरे फिरवतात आणि त्यातला किती टक्के भाग १० मिलिमीटरपेक्षा मोठा राहिला ते मोजतात. मोठ्या झोतभट्टीला, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीला, हा आकडा साधारण ६० च्या वर लागतो. त्या दोन तासांत कार्बन डायऑक्साइड कोकमधला कार्बन खात असतो, छिद्रांच्या भिंती पातळ होत असतात, आणि सोडियम व पोटॅशियम हे या क्रियेचा वेग वाढवणारे सर्वांत प्रभावी पदार्थ आहेत. चुन्यातले कॅल्शियमही तेच काम करते. झोतभट्टी चालवणारे लोक कच्च्या मालातून किती क्षार आत जातात यावर काटेकोर लक्ष ठेवतात, ते याच कारणासाठी. आणि हा संदेश तेच क्षार पैसे मोजून कोकवर ओतायला सांगतो. भाच्याच्या कुपोल्यात, म्हणजे बीड वितळवण्याच्या उभ्या भट्टीत, तर नुकसान दुहेरी आहे, कारण ही क्रिया उष्णता शोषून घेते, त्यामुळे कोक जास्त संपतो आणि तरी बिडाचा रस थंड उतरतो. शिवाय सोड्याच्या वाफा अस्तराच्या अग्निविटा खातात.

हा गैरसमज कुठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. कुपोल्यात चुनखडी टाकतात, पण ती मळी, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणारा कचरा, पातळ होऊन वेगळी व्हावी म्हणून. वितळलेल्या बिडातले गंधक काढण्यासाठी सोडा वापरण्याची पद्धतही जुनी आहे. या दोन्हींचा कोकच्या बळाशी संबंध नाही. तयार कोकवर काही शिंपडून कधीच उपयोग होत नाही, असेही मला म्हणता येणार नाही. बोरॉनच्या संयुगांनी कोकची कार्बन डायऑक्साइडशी होणारी क्रिया मंदावते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. मात्र टाकणखारात बोरॉनबरोबर सोडियमही असते, तेव्हा भाच्याने सोड्याऐवजी तो आणण्याचा विचारही करू नये.

कोकचे मूळ बळ तो तयार होतानाच, बंद भट्टीत ठरलेले असते. हवा न लागू देता कोळसा तापवला की साधारण ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान तो मऊ होतो, फुगतो, कण एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा घट्ट होतात. मिश्रणे उपयोगी पडतात ती याच टप्प्यावर, आणि म्हणून ती कोळशातच मिसळावी लागतात. ज्या कोळशाला पुरेसा मऊपणा येत नाही त्यात डांबराचे पिच, म्हणजे डांबरातले तेल उडवून उरलेला घट्ट भाग, घातले तर कण चांगले बांधले जातात. उलट आधीच फार पातळ होणाऱ्या कोळशात ते घातले तर कोक फेसासारखा सच्छिद्र होतो. अशा कोळशात कोकची बारीक दळलेली भुकटी मिसळली तर भेगा कमी पडतात, पण तीच जाडसर राहिली तर प्रत्येक कण भेगेची सुरुवात ठरतो. म्हणजे कोणता कोळसा हे ठाऊक नसताना मिश्रणाचे प्रमाण सांगताच येत नाही.

प्लॅस्टिकची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. निप्पॉन स्टीलने २००० सालापासून कोक भट्ट्यांत टाकाऊ प्लॅस्टिक वापरले आहे. पण ते कोळशाच्या सुमारे १ टक्का, कारण त्याहून वाढवल्यास कोकचे बळ घटू लागते. शिवाय त्या प्लॅस्टिकचा साधारण पाचवा हिस्साच कोक होतो, बाकीचे तेल आणि वायू होऊन गोळा केले जाते. 'वाटेल तितके' हे शब्द त्यात कुठेही बसत नाहीत. कोणी हे वाचून कुपोल्याच्या तोंडातून पीव्हीसीचे तुकडे टाकले, तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा तिथे उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातील.

ऑस्ट्रेलियाच्या कोळशाबद्दल एकच हिशेब पुरे. त्याऐवजी वापरायच्या देशी, म्हणजे झारखंडमधल्या झरियाच्या कोळशाची खरी अडचण राख आहे. २० टक्के राखेच्या कोळशातून ७५ टक्के कोक निघाला, तर सगळी राख त्यातच राहते आणि कोकमधले तिचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. कोणतेही मिश्रण ती राख बाहेर काढत नाही.

फरशीवर टाकून थंड कोक किती फुटतो तेवढे समजते, आणि सोड्याने भिजवलेला कोकही त्यात सहज उत्तीर्ण होईल. भाच्याला मी सोड्याऐवजी एक जाड चाळणी घ्यायला सांगितले आहे: कोक चाळून चुरा बाजूला काढायचा, आणि पुढच्या मालाबरोबर पुरवठादाराकडून राख, ओलावा आणि आकार यांचा चाचणी अहवाल लेखी मागायचा.