तासकाटाही सरकतो
पुठ्ठ्याचं घड्याळ करून वेळ शिकवण्याची कृती एका लेखात वाचली, छान दिलीय. मी दुसरीला शिकवते, तिथे एक अडचण हमखास येते. पुठ्ठ्यावर दोन्ही काटे सुटे फिरतात, त्यामुळे साडेतीन दाखवताना मुलं तासकाटा बरोब्बर तीनवरच ठेवतात. खरं तर तो तीन आणि चारच्या मधोमध हवा. म्हणून पहिला आठवडा मी मिनिटकाटा लावतच नाही. नुसत्या तासकाट्यावरून ‘तीन वाजून गेलेत, चार व्हायचेत’ एवढंच ओळखायचं. मग पटांगणात खडूने मोठं वर्तुळ, आकड्यांवर बारा मुलं, आणि पाचाचा पाढा म्हणत मिनिटं मोजायची. पावणेचार मात्र सगळ्यांत अवघड! भाकरीचे चार चतकोर करून त्यातला एक बाजूला काढून दाखवला, तेव्हा कुठे ‘चारला पाव कमी’ मुलांना पटलं.