प्रोबायोटिकची कॅप्सूल हा प्रतिजैविक-रोधावरचा उतारा नव्हे

गेले काही महिने एक संदेश निरनिराळ्या रूपांत फिरतो आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. संदेश थोडक्यात असा: "प्रतिजैविके घेताना सोबत प्रोबायोटिक घेत राहा, मग ती कितीही वेळा घेतली तरी शरीराला त्यांची सवय लागत नाही. प्रोबायोटिकमधले जिवाणू चांगले असल्याने त्यांच्यात रेझिस्टन्स नसतो. ते आतडे लगेच पूर्ववत करतात, अन्नातून झालेली विषबाधा बरी करतात आणि नैसर्गिक असल्यामुळे कोणालाही अपाय करत नाहीत." प्रोबायोटिक जिवाणू आणि अन्नातून पसरणारे जिवाणू यांच्यातील प्रतिजैविक-रोध हाच माझ्या प्रयोगशाळेतील कामाचा विषय आहे. या संदेशातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, आणि त्यातले एक तर धोक्याचे आहे.

पहिले विधान सवयीचे. औषधाची सवय शरीराला लागत नाही. औषधाला दाद न देण्याची क्षमता, म्हणजेच रोध किंवा रेझिस्टन्स, जिवाणूंमध्ये येते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता, तेव्हाही रोधक होतील ते जिवाणू, असेच त्यांचे म्हणणे होते. हा फरक शब्दांपुरता नाही. रोग्याच्या शरीरातली 'सवय' रोग्यापाशीच राहिली असती. रोधक जिवाणू मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि रोध देणारी जनुके एका जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूतही जातात. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाचे शिगेला जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना रोधक झालेले आढळले. ते ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूबरोबर एकत्र वाढवले असता तो सगळा रोध एकदमच ई. कोलायमध्ये उतरला.

इथूनच आपण 'चांगल्या जिवाणूंमध्ये रेझिस्टन्स नसतो' या विधानाकडे येतो, आणि इथे मला जरा थांबायचे आहे. लॅक्टोबॅसिलस गटातल्या एखाद्या प्रोबायोटिक जिवाणूचा पातळ थर पेट्री प्लेटवर पसरून त्यावर प्रतिजैविकांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी एम्पिसिलिनच्या चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडे दिसते. तिथे जिवाणू वाढलेले नसतात. व्हँकोमायसिनच्या चकतीला मात्र पांढुरका थर अगदी कडेपर्यंत येऊन भिडलेला असतो. पहिल्यांदा ही प्लेट पाहणारा विद्यार्थी घाबरतो, कारण व्हँकोमायसिन हे गंभीर संसर्गांसाठी राखून ठेवलेले औषध आहे. पण या प्लेटवरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. पेशीभित्तिकेच्या घटकांच्या टोकाला डी-अ‍ॅलॅनिनचे दोन रेणू लागोपाठ असतात, त्यांना व्हँकोमायसिन चिकटते. अनेक लॅक्टोबॅसिलसांमध्ये शेवटच्या अ‍ॅलॅनिनच्या जागी डी-लॅक्टेट असते, त्यामुळे औषधाला पकड मिळत नाही. ही त्यांची जन्मजात घडण आहे. ती गुणसूत्रावर पक्की बसलेली असते आणि दुसऱ्या जिवाणूला देता येत नाही.

आता याच्या शेजारी एंटेरोकोकस ठेवून पाहा. तोही आतड्यात राहतो, आंबवलेल्या पदार्थांत सापडतो आणि काही प्रोबायोटिक उत्पादनांतही वापरला जातो. व्हँकोमायसिन-रोधक एंटेरोकोकसही नेमकी हीच युक्ती करतो, अ‍ॅलॅनिनच्या जागी लॅक्टेट बसवतो. पण त्यासाठी लागणारा 'व्हॅन-ए' हा जनुकांचा संच एका ट्रान्सपोझॉनवर, म्हणजे जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर असतो. २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका रुग्णाच्या जखमेतून मिळालेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या रोगजंतूमध्ये हाच संच आढळला. तो एंटेरोकोकसकडून आला होता. दोन्ही जिवाणूंच्या प्लेटवर चकतीभोवतीचे चित्र सारखेच दिसते, पण एकातला रोध आपल्या जागी राहतो आणि दुसऱ्यातला प्रवास करतो. म्हणून जिवाणू रोधक आहे की नाही एवढ्यावर आम्ही थांबत नाही. ते जनुक डीएनएवर कुठे बसले आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे शोधावे लागते. अनेक उत्पादनांत वापरल्या जाणाऱ्या बिफिडोबॅक्टेरियम अ‍ॅनिमॅलिस लॅक्टिस या जिवाणूत टेट्रासायक्लिन-रोधाचे 'टेट-डब्ल्यू' जनुक गुणसूत्रावरच आहे, पण त्याच्या शेजारी डीएनएचे तुकडे हलवणाऱ्या ट्रान्सपोझेज एन्झाइमचे जनुक आहे, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवणे भाग पडते.

हे हस्तांतर प्रत्यक्ष पाहता येते. एखाद्या अन्नपदार्थातून वेगळा केलेला टेट्रासायक्लिन-रोधक जिवाणू आणि रिफॅम्पिसिनला रोधक असलेला प्रयोगशाळेतला एंटेरोकोकस हे दोन्ही एका बारीक छिद्रांच्या फिल्टर कागदावर एकत्र ठेवून रात्रभर वाढू द्यायचे. सकाळी ते धुऊन, दोन्ही औषधे घातलेल्या माध्यमावर पसरायचे. मूळ दोघांपैकी कोणीही तिथे जगू शकत नाही. दोन दिवसांनी अख्ख्या प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या चार-पाच वसाहती दिसल्या, तर त्या उत्परिवर्तनातून आल्या नाहीत ना, याची खात्री जनुक तपासून करून घ्यावी लागते. ती झाली, की कोट्यवधी पेशींमधल्या त्या मोजक्या पेशींनी जनुक घेतले, हे नक्की होते. प्रमाण फार कमी आहे, हे मान्य. पण आतड्यातल्या जिवाणूंची संख्याही तितकीच मोठी आहे आणि प्रतिजैविक चालू असेल तर त्या मोजक्यांनाच वाढायला मोकळे रान मिळते.

यावर उपाय नाही असेही नाही. लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरीचा एक वाण प्रोबायोटिक म्हणून वापरात होता आणि त्याच्या दोन प्लाझ्मिडांवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वर्तुळांवर, टेट्रासायक्लिन व लिंकोमायसिन यांच्या रोधाची जनुके होती. संशोधकांनी ती प्लाझ्मिडे काढून टाकून डीएसएम १७९३८ हा नवा वाण तयार केला आणि २००८ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. या क्षेत्रातले मला सर्वांत आवडणारे काम हेच, कारण आपल्याच उत्पादनातला दोष शोधून तो दूर करण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे.

आता धोक्याचे विधान: प्रोबायोटिक सोबत असले की प्रतिजैविक कितीही वेळा घ्यावे. रोध पसरवणारे मुख्य बळ म्हणजे प्रतिजैविकाचा वापर. त्यातून रोधक जिवाणूंची निवड होते आणि सोबत घेतलेल्या कॅप्सूलने ही निवड थांबत नाही. युरोपात जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन हे व्हँकोमायसिनच्याच कुळातले औषध मिसळत असत. त्या जनावरांत व्हँकोमायसिन-रोधक एंटेरोकोकस सापडू लागले आणि १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्या औषधावर बंदी घातली. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाला रोध देणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे 'एमसीआर-१' जनुक चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केले, तेही डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्ये सापडले होते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिजैविक-रोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. कॅप्सूलच्या भरवशावर गरज नसताना प्रतिजैविक घ्यायला सांगणारा संदेश या आकड्यात भरच घालतो.

आतडे लगेच पूर्ववत होते, या दाव्याची चाचणी इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात दिवस प्रतिजैविके घेतलेल्या २१ निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना अकरा वाणांचे प्रोबायोटिक दिले, काहींना त्यांच्याच आधी साठवलेल्या विष्ठेतले जिवाणू परत दिले आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. स्वतःचे जिवाणू मिळालेल्यांचे आतडे काही दिवसांत मूळ स्थितीकडे वळले. प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मात्र काहीही न घेतलेल्यांपेक्षाही उशिरा. त्याच गटाने २०२१ मध्ये दाखवले, की प्रतिजैविकांनंतर घेतलेल्या प्रोबायोटिकमुळे आतड्याच्या अस्तरावरील रोध-जनुकांचा साठा वाढू शकतो. स्वयंसेवक थोडे होते आणि तपासलेले मिश्रण एकच होते, म्हणून सगळ्या प्रोबायोटिकांवर हा शिक्का मारणे चूक ठरेल. उलट बाजूही सांगायला हवी: ३१ चाचण्यांतील ८,६७२ जणांच्या माहितीचा २०१७ चा कॉक्रेन आढावा सांगतो, की प्रतिजैविकांसोबत प्रोबायोटिक दिल्यास क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे होणाऱ्या अतिसाराचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर येते. फायदा मुख्यतः ज्यांना या आजाराचा धोका अधिक आहे त्यांना होतो. हा फायदा खरा आहे. पण तो अतिसार टाळण्याचा आहे, रोध टाळण्याचा नव्हे.

अन्नातून होणाऱ्या विषबाधेचे विधान तर मुळातच सैल आहे, कारण ती एकाच प्रकारची नसते. स्टॅफिलोकोकसने अन्नातच सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही आणि ते पोटात गेल्यावर कोणत्याही जिवाणूच्या कॅप्सूलने उतरत नाही. लिस्टेरिया हा अन्नातून पसरणारा जिवाणू फ्रिजमधल्या थंडीतही वाढतो. प्रोबायोटिक जिवाणू आम्ल तयार करून, जागा व अन्न अडवून रोगजंतूंशी स्पर्धा करतात हे खरे. थायलंडमधील अभ्यासावर आधारलेल्या २०१८ च्या संशोधनात बॅसिलस या जिवाणूची काही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, स्टॅफिलोकोकसला आतड्यात टिकू देत नाहीत, असेही दिसले. मात्र वस्ती होऊ न देणे आणि झालेला आजार बरा करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जुलाबात पहिली गरज पाणी आणि क्षार यांची असते. जुलाबात रक्त दिसले किंवा ताप उतरत नसेल तर डॉक्टरकडे जाण्याची.

'नैसर्गिक म्हणून निर्धोक' याबद्दल दोनच गोष्टी सांगते. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, तर न मिळालेल्यांपैकी ६ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. निरोगी माणसाला सहसा धोका नसतो. संदेश मात्र 'कोणालाही' म्हणतो आणि तो अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या फोनवरही पोहोचतो.

ज्यांना प्रोबायोटिक घ्यायचेच आहे त्यांनी वेष्टनावर वाणाचे पूर्ण नाव, म्हणजे जातीच्या नावापुढची अक्षरे आणि आकडे, पाहावे. ते असले तर त्या वाणावर कोणत्या चाचण्या झाल्या, त्याच्यात रोधाची जनुके आहेत का आणि ती हलणारी आहेत का, हे तपासता येते. नुसते 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेले असेल, तर यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा मार्ग ग्राहकाकडे नाही, डॉक्टरकडे नाही आणि मूळ नमुना हाती आल्याशिवाय माझ्याकडेही नाही.