‘पैसे घेतले, पण दुसऱ्यांदा धार लावून दिली नाही’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एकच तारा दिलात, तो तुमचा अधिकार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांच्या, इंग्लंडातल्या शेफील्डच्या वस्तऱ्याला आम्ही धार लावून दिली, पहिल्या काही दाढ्या झकास झाल्या, मग हनुवटीखाली खुंट राहायला लागले आणि आता गालावरही वस्तरा ओढतो. परत घेऊन आलात, तर आम्ही दगडाला हातसुद्धा लावला नाही, नुसता पट्टा मारून, म्हणजे वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून, तुम्हाला वाटेला लावलं. शिवाय कोपऱ्यावरचा सलूनवाला याहून गुळगुळीत दाढी करतो.

दगडाला हात लावला नाही, हे खरं आहे. आजही लावणार नाही. तुम्ही त्या दिवशी घाईत होतात, म्हणून कारण इथे सविस्तर लिहितो. असे वस्तरे घेऊन येणारे बरेच जण हल्ली हीच तक्रार सांगतात, त्यांनाही उपयोग होईल.

वस्तरा दगडावर घासताना धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकवून घासतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून धारेचा कोन ठरतो, साधारण 16-17 अंशांचा. म्हणजे प्रत्येक वेळी धारेबरोबर पाठही थोडी झिजते. तुमच्या वस्तऱ्याची पाठ आधीच एका बाजूने बरीच सपाट झालेली आहे. मागे कोणीतरी तो फार दाबून घासलाय. नशीब एवढंच, की सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिला नाही. विळी-सुरीसाठी तो माणूस उत्तम, पण वस्तऱ्याचं पातळ पातं त्या चाकावर तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो, आणि मग जगातल्या कोणत्याही दगडाने ते परत येत नाही. सांगायचं हे, की या पात्यात पोलाद आहे तेवढंच आहे. गरज नसताना ते घासून तुमच्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेणं मला सहज जमलं असतं.

गरज नव्हती हे कशावरून? तुम्ही समोर उभे असताना मी पातं भिंगाखाली धरलं होतं. चांगली धार दिव्याखाली चमकत नाही, कारण उजेड परतायला तिथे जागाच नसते. तुमच्या पात्याचा मुठीकडचा भाग तसाच होता, काळा आणि स्वच्छ. टोकाकडून साधारण इंचभर मात्र केसाएवढी बारीक चमकती रेघ दिसत होती. मुठीकडच्या भागाने माझ्या मनगटावरचे केस कातडीलगत निघाले, टोकाने नुसते वाकले. दोन्ही तुम्हाला दाखवलं होतं. आमची धार कच्ची असती, तर मुळात पहिली दाढीच झकास झाली नसती. तसं तुम्ही स्वतःच लिहिलंय की झाली. चांगली लागलेली धार पट्ट्यावर नीट सांभाळली, तर रोजच्या दाढीलाही कित्येक महिने दगड लागत नाही.

मग टोकाकडेच का मेली? उत्तर तुम्हीच रिव्ह्यूसोबत जोडलेल्या फोटोत आहे. फोटो तुम्ही वस्तऱ्याचा काढलाय, पण मागे टॉवेलच्या हुकाला पट्टा लटकलेला दिसतो. तो मधोमध चांगलाच झोळ खातोय. खालच्या टोकाजवळ दोन आडवे काप आहेत. आणि चामडं इतकं तेलकट काळं दिसतंय, की त्याला तेल पाजलेलं असणार, बहुधा खोबरेल.

झोळ असलेल्या पट्ट्यावर वस्तरा सपाट बसत नाही. पट्टा पात्याच्या कडेला वळसा घालतो आणि धार टोकदार राहायच्या ऐवजी गोलावते. पट्टा डाव्या हाताने खेचून ताठ धरायचा आणि वस्तरा नुसत्या स्वतःच्या वजनावर न्यायचा. पाठ पुढे, धार मागे. शेवटाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर लोळवून पालटायचा, आणि पालटताना पाठ पट्ट्यावरून क्षणभरही उचलायची नाही. धारेवर पालटला की पट्ट्याला काप पडतो. तुमच्या पट्ट्याचे दोन काप तिथलेच, जिथे हात परत फिरतो. सिनेमातल्यासारखा सपासप वेग नको. वेग आपोआप येतो, आणि नाही आला तरी दाढीला काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. पातं जवळजवळ तीन इंच लांब आणि तुमचा पट्टा दिसतोय दोन इंचांचा. सरळ ओढलात तर मुठीकडचा भाग रोज घासला जातो आणि टोक पट्ट्याबाहेर राहतं. म्हणून वस्तरा थोडा तिरका सरकवत न्यायचा, म्हणजे एका फेरीत मुठीपासून टोकापर्यंत सगळं पातं चामड्यावरून जातं. आता गंमत बघा: हनुवटीखाली, जबड्याच्या वळणावर, ओठावर आपण कोणता भाग वापरतो? टोकच. तुमचे खुंट राहतात ते नेमके तिथेच.

तेलाचं म्हणाल तर पट्ट्याला हाताचा तळवा घासलात तरी पुरतं. खोबरेल मुरलं की चामडं लोळागोळा होतं, त्यावर धूळ बसते, आणि थंडीत ते गोठतं ते वेगळंच. दाढीआधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास, बस्स. आमच्याकडे त्या दिवशी मी हिरव्या पेस्टच्या (धार बारीक घासणारी पेस्ट) पट्ट्यावर मोजक्या फेऱ्या मारून गोलावलेली धार सरळ केली आणि मग साध्या चामड्यावर फिरवली. टोकानेही केस निघतात हे तुम्ही पाहिलंत. घरी जाऊन तोच वस्तरा पुन्हा त्याच झोळ्या पट्ट्यावर गेला, आणि मग हा रिव्ह्यू आला.

हिरवी पेस्ट आता तुम्ही स्वतः विकत घेऊन रोज फासू नका, ही विनंती. ती कधीमधी वापरायची वस्तू आहे. रोज वापरली की पोलाद खाते आणि तीही धार गोलावते.

गालावर ओढतं म्हणता, त्यात थोडा वाटा कोनाचाही असू शकतो. वस्तरा कातडीशी साधारण 30 अंशांत हवा. खुंट राहिले की माणूस नकळत पाठ उचलतो, मग वस्तरा कापायच्या ऐवजी खरवडतो आणि आग होते. दाढी आंघोळीनंतर करा, नाहीतर गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. कोरडा केस फार चिवट असतो, भिजला की बराच नरम पडतो. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा. आधी सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेने, पुन्हा साबण, मग उलटा. एकाच हातात गुळगुळीत व्हायची अपेक्षा ठेवू नका.

वस्तरा बाथरूममध्ये ठेवता हेही फोटोवरून कळलं. जुनं शेफील्ड म्हणजे साधं पोलाद, स्टेनलेस नव्हे. पावसाळ्यात त्या दमट हवेत डोळ्यांना दिसणार नाही असा गंज धारेवर चढतो आणि रात्रीत तिचे बारीक दात पडतात. दाढी झाली की पुसा, कापडावर चार फेऱ्या मारा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा आणि कपाटात ठेवा.

राहता राहिला सलूनवाला. त्याच्या हातातला वस्तरा तुमच्यासारखा नाही. एड्सची भीती पसरली तेव्हापासून सलूनमध्ये वापरून फेकायच्या ब्लेडचे वस्तरे आले, आणि ते योग्यच झालं. तो दर गिऱ्हाइकाला कोरं अर्धं ब्लेड मोडून घालतो. त्याच्या ब्लेडला पट्टा नाही, दगड नाही, सांभाळणं नाही. रोज सकाळी पाच मिनिटं पट्ट्यावर घालवायची तयारी नसेल, तर तुम्हीही तसाच घ्या, मी त्यात कमीपणा मानत नाही. आजोबांचा वस्तरा मग तेल लावून ठेवून द्या.

पहिल्या धारेचे पैसे परत मिळणार नाहीत. काम झालं होतं. पण वस्तरा आणि तो पट्टा, दोन्ही घेऊन या. दोन दिवसांची दाढी वाढवून आलात तर उत्तम. माझ्यासमोर पट्टा मारा, इथेच आरशासमोर दाढी करा, मग भिंगाखाली पुन्हा बघू. एवढं करूनही सगळ्या पात्यावर चमकती रेघ राहिली, तर मी स्वतः दगड काढीन आणि एक पैसा घेणार नाही. सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं. पट्टा खराब झाला म्हणून फेकूनही देऊ नका; ते काप बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट होतात. ते काम आम्ही करतो, त्याचे पैसे मात्र वेगळे पडतील.