अप्पांच्या जानव्याची किल्ली

वाडा बिल्डरकडे चाललाय म्हणून आजोबांची तिजोरी विकायला काढली, तर घेणारा म्हणे आधी मेकर सांगा, कुलूप कुठलं ते सांगा, मग भावाचं बोलू. दारावर पितळी सिंह आणि एकशिंगी घोडा, बाकी सगळा हिरवा ऑइलपेंट, थरावर थर.

तेवढ्यात समोरचे अप्पा आले. कुणी बोलावलं नव्हतं. "गोदरेज!" उंबऱ्यातूनच. म्हटलं अप्पा, गोदरेज 1897 साली आपल्या मुंबईत निघालेली कंपनी, ती कशाला ब्रिटिश राजाचं चिन्ह ठोकेल? "अरे तेच तर! इंग्रजांना चकवायला!" यावर माणसाने काय बोलावं? मी पेंट खरवडायला पटाशी शोधत होतो, तोवर यांनी जानव्याची किल्ली काढली, "आमचं कपाट गोदरेजचंच आहे, लागून जाईल", आणि घातली की भोकात! लागली नाहीच, पण त्यानंतर आमची स्वतःची किल्लीही फिरेना.

चावीवाला आला, नुसतं बघितलं, म्हणाला ड्रिल मारावं लागेल, व्हिजिट चार्ज वेगळा. अप्पा शेजारी उभे, "मार मार, जुनाच तर माल आहे." माल आमच्या आजोबांचा, उदारपणा यांचा. चार्ज देऊन त्याला वाटेला लावला.

मग रात्री वाचत बसलो. जेरेमाया चब या इंग्रज कुलूपवाल्याचं डिटेक्टर कुलूप, पेटंट 1818 चं. चुकीच्या किल्लीने आतली एखादी पट्टी जास्त उचलली गेली की कुलूप रुसून बसतं, म्हणजे मालकाला कळावं कुणीतरी हात लावलाय. आधी ते सोडवायला वेगळी किल्ली लागायची, 1824 च्या सुधारणेनंतर आपलीच किल्ली उलटी फिरवली की झालं. फिरवली. टक्क! मग सुलटी, आणि उघडलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जुनी ती सगळी अक्कल शेवटी अप्पांना पकडायला कामी आली. सकाळी पेंट खरवडला तर सिंहाखाली चक्क चब, लंडन.

अप्पांना दाखवलं. "बघ, माझी किल्ली गेली म्हणून कळलं ना तुला?" आता वाड्यात सगळ्यांना सांगत सुटलेत की तिजोरी त्यांनी ओळखली. व्हिजिट चार्जचा विषय काढला की मात्र यांना कमी ऐकू येतं. आणि जिन्यात मला थांबवून विचारतात काय, तर "विकल्यावर आमचं काय?"