‘ॲप्रिशिएट’ म्हणजे नुसतं कौतुक नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नव्हती, म्हणून सवडीने लिहितो आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘ॲप्रिशिएट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आपण शाळेत सरसकट ‘कौतुक करणे’ असा शिकवतो आणि तो चुकीचा आहे, असं मी म्हटलं होतं. तुम्ही बावीस वर्षं इंग्रजी शिकवता आहात. तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. शब्दकोशात ‘कौतुक’ छापलेलं असताना तो अर्थ चुकीचा कसा, हा पहिला. ‘आय विल ॲप्रिशिएट इफ यू रिप्लाय सून’ असं अख्खा देश लिहितो आणि समोरच्याला ते कळतं, मग ‘ॲप्रिशिएट’नंतर ‘इट’ हवंच (‘ॲप्रिशिएट इट इफ’), असा हट्ट कशाला, हा दुसरा. तिसरा मला खरा लागला: ‘चूक दाखवलीत, पण फळ्यावर त्या जागी काय लिहायचं ते सांगितलं नाहीत.’

‘चुकीचा’ हा शब्द मी मागे घेतो. ‘लेटर ऑफ ॲप्रिशिएशन’ म्हणजे आपलं प्रशस्तिपत्रच आणि त्यात कौतुकच असतं. शिवाय शब्दाचं मूळ बघितलं तर बाजू तुमचीच भक्कम होते. लॅटिनमध्ये ‘प्रेटियम’ म्हणजे किंमत. त्यावरून किंमत ठरवणे या अर्थाचं क्रियापद झालं आणि सतराव्या शतकात ते इंग्रजीत आलं. किमतीचा ‘प्राइस’, बक्षिसाचा ‘प्राइझ’, मौल्यवान या अर्थाचा ‘प्रेशस’ आणि स्तुतीचा ‘प्रेझ’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. नोकरदारांना दर वर्षी घाम फोडणारं ‘अप्रेझल’ही त्यांतलंच. तेव्हा स्तुती आणि हा शब्द यांचं नातं मी नाकारलं, ते घाईचं होतं.

तरी ‘कौतुक’ एकट्याने पुरत नाही, या म्हणण्यावर मी ठाम आहे. का, ते मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं. आता लिहितो.

माझे वडील कारकून म्हणून निवृत्त झाले. मराठी माध्यमातले, इंग्रजी कामापुरतं. आईच्या शस्त्रक्रियेचा खर्च द्यायला एका विमा कंपनीने नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतः बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, इंग्रजीत तक्रार लिहिली. उत्तर आलं. पहिलं वाक्य होतं, ‘वुई ॲप्रिशिएट द पॉइंट्स रेझ्ड बाय यू.’ दुसरं वाक्य ‘हाउएव्हर’ने सुरू होत होतं आणि त्यापुढे कलमांचे आकडे. वडिलांनी पहिल्या वाक्याचा अर्थ शाळेत शिकवला होता तसा लावला: कंपनीने आपल्या मुद्द्यांचं कौतुक केलं आहे, म्हणजे काम होणार. आईलाही त्यांनी तसंच सांगितलं. पुढे दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची, हे त्याच पत्राच्या शेवटी होतं. मी ते पत्र फाईलमध्ये पाहिलं तोवर मुदत कधीच उलटून गेली होती.

त्या वाक्याचा खरा अर्थ होता, ‘तुमचं म्हणणं आमच्या लक्षात आलं आहे.’ एवढाच. कौतुक नाही, होकारही नाही. इंग्रजी पत्रव्यवहारात ‘वुई ॲप्रिशिएट’च्या मागोमाग ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’ आला, तर समजावं की नकार येतो आहे आणि पहिलं वाक्य त्या नकाराखाली घातलेली गादी आहे. आठवीतल्या मुलाला हे एवढं कळलं तरी ते त्याला पुढे आयुष्यभर पुरेल. वडिलांना कुणी सांगितलं असतं तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. कौतुक ही बाहेर दिसणारी कृती आहे. आपण कौतुक करतो म्हणजे तोंडाने बोलतो, पाठीवर थाप मारतो, चारचौघांत सांगतो. ‘ॲप्रिशिएट’ हे क्रियापद मुळात आत घडतं. एखाद्या गोष्टीचं मोल मनाला पुरतं उमगणं म्हणजे ॲप्रिशिएट करणं. मग ते बोलून दाखवा, नाहीतर दाखवू नका. म्हणून तर इंग्रजीत ‘शो युअर ॲप्रिशिएशन’ असं वेगळं म्हणावं लागतं. ‘टीचर ॲप्रिशिएटेड मी इन फ्रंट ऑफ द क्लास’ हे आपल्याकडचं वाक्य इंग्लंडमधल्या माणसाला किंचित खटकतं, ते यामुळेच. तो तिथे ‘प्रेझ्ड’ म्हणेल. आणि ‘आय ॲम ॲप्रिशिएटिंग युअर वर्क’ का चालत नाही, याचं उत्तरही यातच आहे. ‘नो’, ‘अंडरस्टँड’ ही जाणण्याची क्रियापदं जशी सहसा ‘इंग’ लावून घेत नाहीत, तसंच हे. मुलांना हा नियम पाठ करायला लावण्यापेक्षा कारण सांगितलं तर ते डोक्यात राहतं.

अपवाद एकच, पैशाचा. ‘द रुपी इज ॲप्रिशिएटिंग’ हे अगदी शुद्ध आहे, कारण इथे मनाचा संबंधच नाही. किंमत वाढते आहे, वाढत राहते आहे. हा अर्थ तसा जुना. नोआ वेबस्टरच्या १८२८ च्या अमेरिकन शब्दकोशात किंमत ठरवणे, योग्य अंदाज करणे, किंमत वाढवणे आणि किंमत वाढणे एवढे अर्थ सापडतात. आज आपण ज्या आभारासाठी हा शब्द सर्रास वापरतो, तो तिथे नाही. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण डॉलरचा भाव ८५ वरून ८३ वर आला की आकडा घटतो आणि रुपया मात्र ‘ॲप्रिशिएट’ होतो. उलट दिशेच्या ‘डिप्रिशिएट’ला हिशेबाच्या मराठीत किती नेमका शब्द आहे बघा: घसारा. यंत्र वापरून झिजतं तशी किंमत झिजते. (रुपयाचा दर मात्र घसरतो, घसारा यंत्राचा. आणि ६ जून १९६६ ला सरकारनेच डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपये केला, ते अवमूल्यन. तो शब्द वेगळा, तिथे ‘डिप्रिशिएशन’ म्हणू नये.)

‘योग्य अंदाज करणे’ हा अर्थ आज पुस्तकी वाटेल, पण आपल्या लष्करात तो रोजच्या वापरात आहे. एका निवृत्त सुभेदारांच्या आठवणींचं हस्तलिखित मी तपासत होतो. अनुवादकाने ‘ॲप्रिशिएशन ऑफ द सिच्युएशन’चं ‘परिस्थितीचं कौतुक’ असं केलं होतं. हल्ला होऊ घातलाय, दारूगोळा कमी आहे आणि अधिकारी परिस्थितीचं कौतुक करत बसले आहेत! लष्करी भाषेत ॲप्रिशिएशन म्हणजे शत्रूचं बळ, आपलं बळ, भूभाग, वेळ यांचं थंड डोक्याने केलेलं मोजमाप. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाविषयी असाच अंदाज मांडला. चिनी आक्रमण झालं तर आपलं बळ कुठे अपुरं पडेल, हे त्यात होतं. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी ते वरिष्ठांसमोर मांडूनही दाखवलं. वरून त्याची दखल घेतली गेली नाही आणि १९६२ मध्ये काय झालं ते आपण सगळे जाणतो. त्या ॲप्रिशिएशनमध्ये कौतुकाचा शब्दही असणं शक्य नव्हतं.

ताई, आता तुमच्या फळ्याकडे येतो.

तुम्ही म्हणालात की मराठीत याला एक शब्द नाही. मीही इतकी वर्षं तेच मानत होतो. तुमच्या प्रतिक्रियेनंतर परत शोधायला बसलो. आधी ‘कदर’ हाताशी आली. अरबीत ‘कद्र’ म्हणजे माप, मोल. म्हणजे मोजण्यापासून मान देण्यापर्यंतचा जो प्रवास लॅटिन शब्दाने केला, तोच हिनेही केला. ‘आय डोन्ट फील ॲप्रिशिएटेड’ला ‘माझी इथे कदर नाही’ यापेक्षा चांगलं मराठी मला सुचत नाही. मग ‘दाद’. फारसीत दाद म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो, तो एकच शब्द. गायकाच्या तानेला दाद देणं म्हणजे तिला तिचा न्याय देणं, असं मनात आलं की अंगावर काटा येतो. पण वाचणाऱ्याच्या मनात शांतपणे घडतं त्याला ‘दाद’ म्हणता येत नाही. तिथे ‘रसग्रहण’ लागतं. कवितेचं रसग्रहण तुम्ही मुलांकडून लिहून घेताच. ते इंग्रजी ‘ॲप्रिशिएशन’च आहे, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून चालवतात त्या ‘फिल्म ॲप्रिशिएशन’च्या अभ्यासक्रमाला आपण चित्रपट रसास्वाद म्हणतो, तसंच.

आणि मग, शोध जवळजवळ सोडला असताना, आईच्या तोंडचा शब्द आठवला: जाण. ‘त्याला गाण्याची जाण आहे.’ ‘तिला केल्या उपकारांची जाण आहे.’ ‘सुनेला घरच्या परिस्थितीची जाण आहे.’ तिन्ही वाक्यं इंग्रजीत करून बघा. तिन्हीकडे ‘ॲप्रिशिएट’ चपखल बसतं. कलेतलं मोल कळणं, उपकाराचं मोल कळणं, अडचणीचं गांभीर्य कळणं. शब्द एक, आणि तिन्ही आत घडणारी. फक्त रुपयाच्या भावाला तो चालणार नाही, तिथे ‘मूल्यवृद्धी’ किंवा साधं ‘भाव वाढणे’ लिहा. तेव्हा फळ्यावर पहिला शब्द ‘जाण असणे’ लिहा, त्याखाली ‘कदर करणे’, आणि ‘कौतुक करणे’ पुसू नका, तिसऱ्या ओळीवर असू द्या.

राहिला ‘इट’. इथे मी तुमच्याइतका उदार होऊ शकत नाही, पण माझी बाजू समजून घ्या. ‘थँक’च्या पुढे माणूस येतो, ‘ॲप्रिशिएट’च्या पुढे सहसा ती गोष्ट. ‘आय थँक यू’, पण ‘आय ॲप्रिशिएट युअर हेल्प’. (अमेरिकेत हल्ली ‘आय ॲप्रिशिएट यू’ बरंच ऐकू येतं, परीक्षेत मात्र मुलांनी ते टाळावं.) ‘इफ’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ती गोष्ट अजून घडलेलीच नसते, म्हणून तिची जागा धरायला ‘इट’ बसवतात. एसटीत रुमाल टाकतो तसं. मराठीत ‘तुम्ही लवकर उत्तर दिलंत तर बरं वाटेल’ म्हणताना आपल्याला असा रुमाल लागत नाही, म्हणून इंग्रजी लिहिताना तो टाकायचा राहून जातो. मूल अडाणी नसतं, ते मराठीतून विचार करत असतं, एवढंच. भारतीय इंग्रजीला स्वतःचं स्थान आहे, हे मला मान्य आहे. पण तुमच्या वर्गातलं मूल उद्या अर्ज लिहील आणि तो वाचणारा ‘इट’ नाही म्हणून अर्ज बाजूला सारेल. त्या मुलाला दोन्ही ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वाक्याचा सूरही एकदा शिकवा. ‘आय वुड ॲप्रिशिएट इट इफ यू लोअर्ड युअर व्हॉइस’ ही विनंती दिसते, पण ती समज असते. आपण शेजाऱ्याला ‘जरा आवाज कमी केलात तर उपकार होतील’ म्हणतो, त्यात उपकार जितके असतात तितकेच इथेही. मुलांना हे मराठी वाक्य आधी ऐकवलं तर इंग्रजी वाक्याचा काटा त्यांना आपोआप टोचेल.

मूळ लेखात ‘चुकीचा’च्या जागी ‘अपुरा’ असा बदल आज केला आहे आणि तो तुमच्या आक्षेपामुळे केला, हेही तिथे लिहिलं आहे. ‘जाण’ची तीन वाक्यं वर्गात देऊन बघाल का? मुलं स्वतःची कुठली वाक्यं करतात ते मला वाचायला हवं आहे, विशेषतः जिथे ‘जाण’ बसत नाही आणि ‘ॲप्रिशिएट’ बसतं ती. ती सापडली की इथेच खाली लिहा.