‘यूएसबी माइक म्हणजे खेळणं’ या मेसेजला उत्तर

घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कोणी नवखा ‘माइक कुठला घेऊ?’ असं विचारतो आणि पाच मिनिटांत कोणीतरी तो आणून चिकटवतो. मजकूर थोडक्यात असा: ‘यूएसबी माइक म्हणजे खेळणं. आतलं डिजिटल रूपांतर हलक्या प्रतीचं, आवाज पातळ येतो, मागे खरखर राहते. एक्सएलआर डायनॅमिक घ्या, तो खोलीचा आवाज घेतच नाही. यूएसबीला पुढे वाट नाही, एक्सएलआर एकदा घेतला की जन्माचा. प्रोफेशनल लोक यूएसबीला हात लावत नाहीत.’ (डायनॅमिक म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा, कमी संवेदनशील माइक. दुसरी जात कंडेन्सर, तो जास्त संवेदनशील.)

दुसऱ्यांनी घरी केलेली रेकॉर्डिंगं साफ करून, कापून-जोडून देणं हे माझं काम. निवेदनं, मुलाखती, पुस्तकांची वाचनं. आलेली फाइल यूएसबी माइकवर झालीय की एक्सएलआरवर, हे मला नुसतं ऐकून बहुतेक वेळा सांगता येत नाही. बोलणारा माइकपासून किती लांब बसला होता आणि खोलीच्या भिंती उघड्या होत्या की पडदे-कपडे होते, हे मात्र दहा सेकंदांत कळतं. त्यामुळे हा मेसेज दिसला की हात शिवशिवतात. एकेक मुद्दा घेतो.

‘आतलं डिजिटल रूपांतर हलक्या प्रतीचं’

एक्सएलआर हे माइकच्या जातीचं नाव नाही, तीन पिनांच्या जोडाचं आहे. एक पिन ग्राउंडची. उरलेल्या दोन तारांमधला फरक म्हणजे सिग्नल. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट पलीकडच्या टोकाला वजाबाकीत निघून जातो. युक्ती झकास आहे, आणि मंचापासून मिक्सरपर्यंत ५० मीटर केबल ओढायची असेल तर तिला पर्याय नाही. यूएसबीच्या केबलची मजल साधारण ५ मीटरपर्यंत. पण टेबलावरून लॅपटॉपपर्यंतचं अंतर हातभर असतं. शिवाय यूएसबी माइकमध्ये नाजूक ॲनलॉग सिग्नल काही सेंटिमीटरच धावतो. माइकच्या पोटातच त्याचे आकडे होतात आणि केबलमधून आकडेच जातात.

आता एक्सएलआर माइक कॉम्प्युटरला लावतात कसा? आधी ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवून त्याचे आकडे करणाऱ्या डब्याला. आणि इंटरफेस कॉम्प्युटरला? बहुतेक घरांत यूएसबीनेच! म्हणजे कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग), प्रीअँप (सिग्नल वाढवणारा) आणि कन्व्हर्टर (त्याचे आकडे करणारा) ही त्रयी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती एका डब्यात आहे, दुसरीकडे दोन डब्यांत.

कन्व्हर्टरच्या प्रतीबद्दल म्हणाल, तर बरेच साधे यूएसबी माइक १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार मोजमापं) चालतात. १६ बिट म्हणजे सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला. घरातली खोली शांत म्हटली तरी ३० डेसिबलच्या आसपास गुणगुणत असते आणि जवळून बोललेला आवाज ८०च्या आगेमागे. दोघांत अंतर ५०चं. पल्ल्याचा जवळपास अर्धा भाग वापराविना पडून राहतो. ४८ किलोहर्ट्झमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. तरुण कानाची हद्द २०ला संपते. २४ बिटचा खरा फायदा एवढाच, की गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) जरा कमी ठेवून निर्धास्त बोलता येतं, एखादं वाक्य चढलं तरी फाटत नाही. तो फायदा हवा असेल तर २४ बिटचे यूएसबी माइकही भरपूर आहेत.

‘आवाज पातळ येतो’

हो, येतो. मी अशा पुष्कळ फाइली दुरुस्त केल्यात. पण कारण शोधायला गेलं की गंमत दिसते.

मागे एका निवेदिकेची फाइल आली. आवाज लांबून, बाजूच्या खोलीतून आल्यासारखा, खर्ज गायब. तिचं म्हणणं, यूएसबी असल्यामुळे असं होतंय, आता एक्सएलआर घेते. मी म्हटलं, आधी बसण्याचा फोटो पाठवा. फोटोत माइक तिच्याकडे नाक करून आडवा रोखलेला, आणि ती त्याच्या शेंड्यात बोलत होती. तो माइक बाजूने बोलण्याचा होता. मोठ्या कॅप्सूलचे बहुतेक कंडेन्सर तसेच असतात: उभे ठेवायचे आणि पोटाशी बोलायचं, कंपनीचं चिन्ह असतं त्या अंगाला. माइक उभा केला, तोंडासमोर आणला. पुढची फाइल वेगळ्याच बाईंची वाटली.

दुसरं कारण मागच्या बटणात लपलेलं. ब्लू यतीसारख्या माइकवर चार दिशा निवडता येतात: समोरची, समोर-मागची, चहूकडची आणि स्टिरिओ. बटण चहूकडच्या खुणेवर राहिलं की माइक पंख्यालाही तेवढ्याच प्रेमाने ऐकतो. तिसरं कारण कॉम्प्युटरमधलं. आवाज ‘सुधारण्याची’ किंवा गोंगाट दाबण्याची सोय कुठल्यातरी सेटिंगमध्ये चालू असते, ती शब्दांची टोकं कुरतडते आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. या तिन्हींतलं एकही कारण एक्सएलआर घेतल्याने जात नाही. बाजूने बोलायचा एक्सएलआर माइक शेंड्यातून बोलून बघा, तोच निकाल.

‘मागे खरखर राहते’

यात थोडं तथ्य आहे. काही लॅपटॉप चार्जरला लावले की यूएसबी माइकमध्ये बारीक शिट्टी किंवा घरघर उतरते, कारण माइकची वीजही त्याच पोर्टमधून येते. चार्जर काढून बघा, दुसरं पोर्ट बघा, मध्ये यूएसबी हब असेल तर तो वगळा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर मात्र तक्रार खरी.

पण एक्सएलआरकडे वळलं की खरखर संपते, हे कोणी सांगितलं? शूर कंपनीचा एसएम७बी हा डायनॅमिक माइक घ्या, अनेक पॉडकास्टांच्या फोटोंत दिसतो तो. त्याची संवेदनशीलता उणे ५९ डेसिबल व्होल्ट. बऱ्यापैकी मोठ्या आवाजालाही तो जेमतेम एक मिलिव्होल्ट देतो. साध्या बोलण्यासाठी प्रीअँपकडून ६० डेसिबलच्या घरात गेन घ्यावा लागतो. माइकमध्ये खोट नाही, त्याची घडणच तशी आहे. पण पहिलावहिला छोटा इंटरफेस त्या गेनला कुठे टेकीला येतो, तर कुठे पोचतच नाही. मग बटण शेवटापर्यंत पिळलं जातं आणि प्रीअँपचा स्वतःचा ‘स्स्स’ वर येतो. मग कोणीतरी सांगतं, मध्ये बूस्टर (सिग्नल आधीच वाढवणारा छोटा डबा) लावा. तो चालतो इंटरफेसच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर. खेळणं नको म्हणून निघालेला माणूस आता माइक, इंटरफेस, बूस्टर, दोन केबली आणि स्टँड एवढं घेऊन बसलेला असतो, आणि खरखर आहेच.

याच्या आधी एक फुकटचा गेन घ्यायचा राहिलेला असतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो. ४० सेंटिमीटरवरून १० वर आलात की १२ डेसिबल पदरात, तेही खरखर न वाढवता. चार बोटं ते वीतभर, एवढंच अंतर ठेवायचं. जवळ आल्यावर ‘फ’, ‘भ’, ‘प’ उडायला लागतात. आपल्या भाषेत महाप्राण भरपूर, ‘फडफड’ म्हटलं की कॅप्सूलवर वाऱ्याची थप्पड बसते. त्यावर इलाज पॉप फिल्टर (माइकपुढे लावायचा जाळीचा पडदा), आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता जरा तिरपा, गालाच्या रेषेत ठेवणं.

‘डायनॅमिक खोलीचा आवाज घेतच नाही’

सगळ्या मेसेजमध्ये हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं, म्हणून जरा सविस्तर.

माइकला खोली कळत नाही. त्याच्या पडद्यावर हवेचा दाब पडतो. तो तुमच्या घशातून आला की समोरच्या भिंतीवर आपटून, हे ओळखायचं साधन त्याच्याकडे नाही. डायनॅमिक कमी संवेदनशील असतो हे खरं, पण तो तुमचा आवाज आणि खोलीचा आवाज दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी घेतो. गेन वाढवून आवाज जागेवर आणलात की खोलीही तेवढीच वर येते. उरतात दोन गोष्टी: माइकची दिशा आणि तुमचं अंतर.

मग डायनॅमिकवर रेकॉर्डिंग घट्ट का वाटतं? कारण माणसं डायनॅमिकला ओठ लावून बोलतात आणि कंडेन्सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात. शिवाय पुष्कळ डायनॅमिक वरचे बारीक स्वर कमी पकडतात, त्यामुळे पंख्याची सळसळ आणि ओठांची चपचप जरा दबते. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. गोंगाटाच्या घरात मीही डायनॅमिकच सुचवतो. पण त्याचा एक्सएलआरशी संबंध काय? सॅमसनचा क्यू२यू किंवा शूरचा एमव्ही७ हे डायनॅमिक आहेत आणि यूएसबीने चालतात. उलट स्टुडिओतले भलेथोरले कंडेन्सर एक्सएलआरचे असतात. डायनॅमिक की कंडेन्सर हा एक प्रश्न, यूएसबी की एक्सएलआर हा दुसरा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची मोट बांधून टाकलीय.

खात्री करायची तर आहे तो माइक घ्या. एकच वाक्य तीनदा रेकॉर्ड करा: चार बोटांवरून, वितीवरून, हातभर अंतरावरून. मग तिन्हींची पातळी सारखी करून हेडफोनवर ऐका. पातळी सारखी करणं महत्त्वाचं, नाहीतर मोठं तेच चांगलं वाटतं. हातभरावरच्या फाइलमध्ये वाक्य संपल्यावर शेवटच्या अक्षराला शेपूट दिसेल. ती खोली. आता कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्या पुढ्यात बसा आणि पाठीमागे जाड रजई टांगा. शेपूट आखडतं. भिंतीला चिकटवायचे पातळ स्पंज मात्र वरचे स्वर शोषतात आणि मधला ढबढबाट तसाच ठेवतात. फोटो छान येतो, इतकंच.

‘यूएसबीला पुढे वाट नाही, एक्सएलआर जन्माचा’

इथे मेसेजला निम्मे गुण द्यावे लागतील.

एका टेबलाशी दोघंजण बसणार असतील तर सरळ एक्सएलआर घ्या, दोन इनपुटांचा इंटरफेस घ्या, वाद नको. प्रत्येक यूएसबी माइकचं स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधी तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत ५० एवढा फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्येही शिरलेला असतो, त्यामुळे शेवटी-शेवटी प्रतिध्वनी ऐकू येतो आणि मला रात्री बसून तुकडे सरकवावे लागतात. मॅकवर दोन माइक एकत्र जोडायची सोय आहे, विंडोजवर जुगाड करावा लागतो. दोघं आपापल्या घरून बोलणार असतील तर ही अडचण नाही. तिथे प्रत्येकाकडे एक यूएसबी माइक हाच कमी कटकटीचा मार्ग.

दुरुस्तीचंही खरं आहे. यूएसबीचं सॉकेट सर्किट बोर्डावर बसवलेलं असतं. केबलीला हिसका बसून ते हललं की चांगला माइक आडवा पडतो. एक्सएलआरमध्ये बहुधा केबल जाते, ती बदलली की झालं. शूरचा एसएम५८ १९६६ पासून आहे आणि त्याचा तीन पिनांचा जोड आजच्याही इंटरफेसला बसतो. यूएसबीची तोंडं तेवढ्यात किती बदलली ते आपण पाहिलंच. मात्र जन्मभर टिकतो तो माइक, इंटरफेस नव्हे. त्याचे ड्रायव्हर जुने होतात, बटणं कुरकुरतात, आणि शेवटी तोही यूएसबीचंच उपकरण!

ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी दोन्ही जोड असलेले माइक आहेत. वर सांगितलेले क्यू२यू आणि एमव्ही७ त्यातलेच. कंडेन्सर हवा असेल तर रोड कंपनीचा पाचव्या पिढीचा एनटी१. आज यूएसबीने सुरू करा, जोडीदार मिळाला की इंटरफेस आणा.

‘प्रोफेशनल हात लावत नाहीत’

स्टुडिओत एका वेळी आठ-दहा माइक, भिंतीतून गेलेल्या केबली, वेगळे प्रीअँप. तिथे एक्सएलआरच लागणार. त्यांची गरज ती तुमची असेलच असं नाही. ऑडिबल या ऑडिओबुकांच्या दुकानासाठी पुस्तकं घेणारी एसीएक्स ही सेवा फाइल मोजते (शून्य डेसिबल म्हणजे फाइलची कमाल मर्यादा): सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३च्या खाली, शांततेतला गोंगाट उणे ६०च्या खाली. या तिसऱ्या अटीवर घरच्या फाइली सर्वांत जास्त आपटतात, आणि माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा पंखा चालू राहिलेला असतो.

अजूनही कोणाला पटत नसेल तर दोन्ही जोड असलेला एक माइक मिळवा. माइकमधल्या आपोआप आवाज सुधारण्याच्या सगळ्या सोयी बंद करा. तोच उतारा त्याच अंतरावरून एकदा यूएसबीने आणि एकदा इंटरफेसमधून वाचा, पातळी जुळवा, आणि फाइलींना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी देऊ द्या. मग ओळखा. मी हे पैजेवर केलं होतं, आणि पैज हरलो.